एका सिलिंडरवरची तीन घरं

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीवर होतो. ज्वारी दळायला टाकलेली, पट्ट्याचा आवाज कानात भरलेला, आणि फोनवर रमेश. रमेश म्हणजे मधुभाऊंचा मधला भाऊ. त्याने याआधी मला कधी फोन केल्याचं आठवत नाही, त्यामुळे नाव पाहिल्याबरोबरच काहीतरी वाईट घडलंय हे कळलं. मी रस्त्यावर आलो. "दादा गेले," तो म्हणाला. "सकायी सोड्याच्या बाटल्या भरता भरता बसले, अन् बसलेच." मग म्हणाला, "तुमी ताईले घेऊन या. वयनीपाशी कोणी पाह्यजे." मी पीठ घेतलं, घरी ठेवलं आणि बायकोला घेऊन वाशिमहून शेलूबाजारला निघालो. पीठ घेण्याइतकं भान मला होतं हे मुद्दाम सांगतो, कारण या लेखात मी उगाच गहिवर आणणार नाही. मधुभाऊ माझे जिवलग मित्र नव्हते. त्यांची बायको सुमनबाई आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही साडू. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात. सासुरवाडीच्या पंगतीत कोणाच्या पानावर आधी वाढलं हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणारी ही जमात; तिच्यात जिवलग मैत्री फारशी होत नाही.

मधुभाऊंचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, त्यात एक जुनं यंत्र, गोटीच्या बाटल्यांचे क्रेट आणि भिंतीला साखळीने बांधलेलं गॅसचं सिलिंडर. लग्न असो, बाजार असो, पोहरादेवीची यात्रा असो, त्यांचा सोडा तिथे पोचायचा. प्रत्येक खेपेची पहिली बाटली ते स्वतः प्यायचे, मोठा ढेकर द्यायचे आणि समाधानाने मान हलवायचे. माणूस अंगाने आडवा, बोलायला तुटक, उन्हाळा-हिवाळा बनियनवर. त्यांच्या घरी गेलं की पाणी मिळायचं, चहा मिळायचा, पण बोलणं काढून घ्यावं लागायचं. मी मुळात बोलका, त्यामुळे तास-दीड तास मीच बोलत बसायचो आणि परतताना बायकोला म्हणायचो, या माणसाकडे आपण कशाला जातो? बायको म्हणायची, तुम्हाला ऐकणारा कोणी लागतो म्हणून.

त्यांच्या वडिलांनी रस्त्याच्या कडेला घर बांधलं होतं आणि समोर एक लांबलचक हॉल काढला होता, तीन मुलांची लग्नं एकाच मांडवाखाली व्हावीत असा त्यांचा विचार. लग्नं तिथे झालीही. वडील गेले आणि मग वाटणी झाली. मी तहसिलीत कारकून होतो, लोकांच्या वाटण्या पाहण्यात नोकरी संपली, त्यामुळे मला त्यात नवल काही वाटलं नाही. शेत रमेशला, बसस्टँडजवळचं दुकान धाकट्या गजाननला, सोडा मधुभाऊंना, असं ते शांतपणे पार पडलं. हॉलमध्ये दोन भिंती घालून त्याचे तीन भाग केले, तेही कोणी कुरकुर न करता. अडलं कुठे? पंख्यावर. हॉलला पंखे चार आणि भाऊ तीन. चौथा पंखा कोणाचा यावरून रमेश आणि गजानन असे भांडले की गल्ली गोळा झाली. वडिलांच्या आजारपणात कोणी काय केलं, कोणाच्या बायकोने काय म्हटलं, सगळं त्या पंख्याखाली निघालं. मधुभाऊ स्टुलावर चढले, पंखा उतरवला आणि कारखान्यात नेऊन टाकला. पण त्या दिवसापासून रमेश आणि गजानन यांचं बोलणं बंद झालं. मधे मधुभाऊ, उजवीकडे रमेश, डावीकडे गजानन, आणि बायका मात्र तिन्ही घरांत मोकळेपणाने ये-जा करणाऱ्या. हे असं मी शेकडो घरांत पाहिलंय. एकदा बंद पडलेलं बोलणं पुढे कोणाच्या तरी तिरडीपाशीच सुरू होतं, हाही माझा अनुभव.

मग मधुभाऊंना मासोळ्यांचा नाद लागला. अकोल्याला एका लग्नाला गेले होते, तिथे हॉलच्या दारात काचेची मोठी टाकी, आत हिरवीगार झाडं आणि त्यांच्यातून फिरणारे मासे. हे गृहस्थ नवरानवरीकडे न पाहता तिथेच उभे. दुसऱ्याच आठवड्यात अकोल्याच्या शकीलच्या दुकानातून तशी टाकी घरी आली. मासे ठीक राहिले, झाडं मात्र सडायला लागली. पानांवर काळं शेवाळ चढलं. शकीलने सांगितलं, काका, पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो, त्याशिवाय ती वाढत नाहीत. मधुभाऊ म्हणे तिथल्या तिथे हसत सुटले. लोकांना ढेकर यावा म्हणून जो गॅस ते आयुष्यभर बाटल्यांत भरत आले, तोच त्यांच्या झाडांना हवा होता आणि तो परसात साखळीला बांधलेला होता! त्यांनी एक सिलिंडर वेगळं काढलं, आणून हॉलच्या कोपऱ्यात उभं केलं, त्याला रेग्युलेटर लावला, बारीक नळी टाकीत सोडली. मधे काचेची एक कुपी, तिच्यातून बुडबुडे एकामागून एक जाताना दिसायचे. जास्त हवे तर नळीवरची चावी सोडायची, कमी हवे तर आवळायची. महिन्याभरात टाकीत जंगल उभं राहिलं. दुपारी दिव्याखाली पानांवर मोत्यासारखे बुडबुडे धरायचे आणि सुटून वर जायचे. मला समोर बसवून मधुभाऊ म्हणायचे, "पाहा." मी म्हणायचो, काय पाहू? "पाहा ना. झाड ढेकर देऊन राह्यलं."

ती टाकी पाहायला दोन्ही जावा रोज येऊ लागल्या. गजाननच्या बायकोने, रेखाने, आपल्याकडेही एक हवी म्हणून हट्ट धरला, आणि तिच्याकडे आली म्हटल्यावर रमेशच्या घरी येणं भागच होतं. टाक्या आल्या, झाडं आली, गॅसचं काय? मधुभाऊंनी सिलिंडरच्या तोंडाशी पितळेचा तुकडा बसवून त्याला तीन वाटा काढल्या, ड्रिल आणलं आणि दोन्ही भिंतींना पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडून नळ्या पलीकडे दिल्या. प्रत्येकाच्या टाकीपाशी प्रत्येकाची चावी. भोक पाडलेलं पाहून रमेश तावातावाने आला. मी त्या दिवशी तिथेच होतो. "सामायिक भिंत हाय दादा, मले इचारलं काहून नाई?" मधुभाऊ ड्रिलची वायर गुंडाळत होते. म्हणाले, "भोक बी सामायिकच हाय." रमेशला हसू आलं असावं, कारण तो पुढे काही न बोलता आत निघून गेला.

आता यात एक गोम होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिलिंडर एक, नळ्या तीन. गॅसला जिकडे सोपं जाईल तिकडे तो जातो. रमेशने आपली चावी जरा सैल केली की गजाननच्या कुपीतले बुडबुडे थांबायचे. गजाननने आवळली की रमेशकडे धो-धो सुरू. दोघंही तक्रार घेऊन मधुभाऊंकडे यायचे. "दादा, तिकडून काहीतरी केलं त्यानं." मधुभाऊ बाटल्या विसळत म्हणायचे, "मले काहून सांगता? त्याले सांग." तो 'त्याला' काही सांगायचा नाही. तोंड फुगवून परत जायचा आणि आपली चावी आणखी सैल करायचा. ही कुरबुर वर्षभर चालली असेल. मला ती फार विनोदी वाटायची.

मग यात्रेच्या दिवसांत ते घडलं. मधुभाऊ सोड्याचे क्रेट घेऊन पोहरादेवीला गेले होते. सुमनबाई आमच्याकडे वाशिमला होत्या, माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. सकाळी दिवे लावताना गॅस सुरू करायचा आणि संध्याकाळी दिवे मालवताना बंद करायचा, हे काम मधुभाऊंचं. त्या दिवशी ते गडबडीत गॅस सुरू ठेवून घराला कुलूप लावून गेले. दुपारी वीज गेली ती आलीच नाही. उजेड नाही म्हणजे झाडं गॅस घेत नाहीत, सगळा पाण्यातच साठतो आणि मासे गुदमरतात. गजाननच्या टाकीतले मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले तशी रेखा घाबरली आणि तिने आपली चावी गच्च आवळली. तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं. पण तिच्याकडचा गॅसही मग मुकाट भिंतींपलीकडे गेला, मधुभाऊंची चावी बारीक असल्याने जवळजवळ सगळा रमेशच्या टाकीत. रमेश शेतात, त्याची बायको बाजारात. दोघं परत आले तेव्हा त्यांचे सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. रेखाची चावी बंद आहे हे समजल्यावर रमेशने अंगणात उभं राहून गजाननला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुद्दाम मारले, असं त्याचं म्हणणं. आणि गजाननही गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

मधुभाऊ यात्रेतून आले, दोघांचं ऐकून घेतलं, मेलेले मासे सुपात घेऊन मागे पुरून आले. मग हात धुऊन दोघांना एकदमच म्हणाले, "चूक माही हाय. म्या बंद नाई केलं. पण आपलं बंद करून भागत नाई, शेजारच्याले सांगा लागते. आजपासून चावीले हात लावला का आवाज द्यायचा. कोन्ही असो." घराची दुसरी किल्ली त्यांनी दाराबाहेर खिळ्याला अडकवली आणि विषय संपवला. त्यांचं ते बोलणं दोघांनी ऐकलं, कारण नवे मासे मधुभाऊच आणून देणार होते.

त्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं ते मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही. आपण मधल्या हॉलमध्ये चहा घेत बसावं आणि उजवीकडच्या भिंतीतून एकदम आवाज यावा, "कमी करून राह्यलो!" नाव नाही, गाव नाही, भिंतीला उद्देशून. डावीकडून उत्तर, "करा!" काही वेळाने डावीकडून, "जरासक वाढवून राह्यलो!" आणि उजवीकडून, "हो!" मधे मधुभाऊ बशीत चहा ओतून शांतपणे पिताहेत. पहिल्यांदा मला ठसकाच लागला होता. पुढे त्या ओरडण्यात हळूहळू नावं आली. "गज्या, लय झालं रे तुह्याकडं." मग एखादं वाक्य गॅसबाहेरचंही. "गज्या, कमी कर... अन् तुह्या दुकानात तारेचं बंडल आलं काय?" दोघं एकमेकांच्या घरात तरीही जात नव्हते. समोरासमोर आले तर अजूनही खाली पाहत. पण भिंतीतून बोलत होते.

मी एकदा मधुभाऊंना म्हणालो होतो, एवढा व्याप कशाला? तीन छोटी सिलिंडर घ्या, ज्याचं त्याला देऊन टाका, कटकट मिटेल. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्राच्या बोळ्याने टाकीची काच पुसणं थांबवलं नाही. म्हणाले, "साडभाऊ, तुमी तहसिलीत वाटण्या करा. हे राहू द्या." मला त्याचा राग आला. निवृत्त होऊन मला वर्ष उलटलं होतं आणि वाटण्या मी करत नव्हतो, नुसत्या नोंदवत होतो. घरी येईपर्यंत मी बायकोपाशी धुसफुसत होतो. या माणसाला सोपी गोष्ट अवघड करून ठेवायची हौस आहे, हे माझं त्यांच्याबद्दलचं पक्कं मत तेव्हा झालं आणि ते पुढे बरीच वर्षं टिकलं.

मधुभाऊ गेले त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा त्यांना हॉलमध्येच ठेवलं होतं. माणसं भरलेली, आणि कोपऱ्यात टाकीचा दिवा चालू, बुडबुडे चालू. सकाळी त्यांनीच सुरू केलेलं ते. कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी त्याला हात लावणं बरं दिसणार नाही असं वाटलं असेल. मी बसल्या बसल्या तिकडेच पाहत होतो. पाहण्यासारखं दुसरं जे होतं तिकडे बघवत नव्हतं. स्मशानातून परत आल्यावर अंगणात आंघोळी चालल्या होत्या, रमेश ओल्या धोतराने निथळत सरळ आत गेला, सिलिंडर बंद केलं, दिवा मालवला आणि बाहेर येऊन म्हणाला, "गज्या, गॅस बंद केला." गजानन दगडावर बसला होता. त्याने मान हलवली, आणि त्या दिवशी प्रथमच ढसाढसा रडला. रमेश त्याच्या शेजारी जाऊन बसला. झालं, सुटली गाठ, असं मला वाटलं. माझा अनुभव खरा ठरला म्हणून मी मनातल्या मनात मानही डोलावली असेल.

तेरवी झाल्यावर शकील भेटायला आला. सुमनबाईंपाशी बसला, काकांच्या आठवणी काढल्या आणि जाता जाता सवयीने सिलिंडरकडे गेला. रमेश आणि गजानन दोघंही तिथे होते. रमेशने विचारलं, या तीन नळ्यांचं एकमेकींत जे भांडण होतं त्याला काही इलाज आहे का. आता दादा नाहीत, कोण लक्ष देणार? शकील म्हणाला, "एकदम आसान. प्रेशर लय कमी ठेवलंय, म्हणून एकाचं दुसऱ्याले लागते. प्रेशर वाढवतो, चाव्या बारीक करून देतो. मंग ज्याचं त्याले. कोणी कितीबी फिरवा, शेजारी समजणार बी नाही." सुरू आणि बंद आपोआप व्हावं म्हणून त्याने दिव्याच्या बटणावर चालणारी एक चावीही जोडून दिली. अर्ध्या तासात काम झालं. दोघं भाऊ आपापल्या घरी जाऊन चाव्या फिरवून आले आणि खूश झाले. खरोखरच एकाचं दुसऱ्याला काही लागत नव्हतं. मी शकीलला पोचवायला दारापर्यंत गेलो. तो चपला घालता घालता म्हणाला, "काकांना मी हे पहिल्याच वर्षी बोललो होतो. करून देतो म्हटलं. तर म्हणे, मले माहीत हाय रे. मंग ते दोघं बोलतीन कशावर?"

मागे सुमनबाई चहाचे कप उचलत होत्या. त्यांनी ते ऐकलं. परतीच्या जीपमध्ये मला फार वाईट वाटत राहिलं, गेल्याच्या दिवशी वाटलं होतं त्याहून जास्त. हा माणूस इतकी वर्षं रोज समोर हे करत होता आणि मी त्याच्या पुढ्यात बसून त्यालाच वाटण्यांवर व्याख्यानं देत होतो.

परवा मधुभाऊंच्या मासिक श्राद्धाला गेलो होतो. पाहुणे गेल्यावर संध्याकाळ व्हायच्या आधी मी आणि बाई हॉलमध्ये बसलो. घर गप्प. रमेशच्या बाजूला टीव्ही लागलेला, गजाननच्या बाजूला कुकरच्या शिट्ट्या, पण भिंतीतून एक शब्द नाही. मी विचारलं, दोघं येतात ना, बसतात ना? "येतात," बाई म्हणाल्या. "माह्याकडं येतात. एक गेला का दुसरा येते." मग त्यांनी तिन्ही कुप्यांकडे जाणाऱ्या नळ्यांकडे बोट दाखवलं. "हे झाल्यापासून आवाज येत नाई, भाऊजी." त्या उठल्या, कोपऱ्यात गेल्या आणि रेग्युलेटरची मूठ उलटी फिरवायला लागल्या. जड होती ती. दोन्ही हात लावले. काटा खाली आला. मी म्हणालो, बाई, शकीलने नीट करून दिलेलं बिघडेल. "बिघडू द्या," म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या.

समोरच्या कुपीतले बुडबुडे रेंगाळायला लागले. बराच वेळ गेला असं मला वाटलं, तेवढा गेला नसेल. मग उजवीकडून चावी फिरवल्याची कुरकुर आली, आणि लगेच डावीकडून गजाननचा आवाज, "ओ भाऊ! माह्याकडं बंद पडलं. तुमी वाढवलं काय?"

"माह्याकडंच नाई तर तुले कुठून देऊ?" रमेश ओरडला. "तू आवळ जरासक."

"आवळलं!"

"नाई आलं."

"थांबा... दादा, जरा तिकडं पाहा बरं, गॅस संपला काय?"

गजाननच होता तो; सवयीने मधल्या घराला हाक मारून बसला. त्यानंतर दोन्ही बाजू एकदम शांत झाल्या. टीव्हीसुद्धा कोणीतरी बंद केला. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि बसल्या जागेवरून, दोन्ही भिंतींना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"पाहून राह्यले! तवरिक तुमी दोघं बोला."